इंग्रजी सगळ्यांना येते, मग फॉर्म फ्रेंचमध्ये का?

सुट्टीत घरी आलं की कोणी ना कोणी हा विषय काढतंच. "इंग्रजीला एकदाची जगाची अधिकृत भाषा करून टाका ना, सगळी कटकट मिटेल." मी ब्रसेल्समध्ये राहतो म्हटल्यावर मी लगेच मान डोलावणार, हेही त्यांनी गृहीत धरलेलं असतं. ऑफिसात इंग्रजी, शेजाऱ्यांशी इंग्रजी, डॉक्टरशीसुद्धा इंग्रजी. पण इथे राहून माझं मत नेमकं उलट झालंय.

आधी हे करणार कोण, ते उरकून टाकू. जगाची अधिकृत भाषा ठरवणारं कार्यालय कुठे नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा 6. त्यांत शेवटी आली ती अरबी, 1973 मध्ये. या सहांपैकी कोणी आपणहून खुर्ची सोडेल, हे विसरा. आणि गंमत अशी, की इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा आहे असा कायदा खुद्द ब्रिटननेही कधी केलेला नाही. अमेरिकेतही मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघेपर्यंत केंद्रीय पातळीवर तसं काही नव्हतं.

आता आमच्या पालिकेच्या खिडकीवर या. ब्रसेल्स म्हणजे 19 पालिका. पत्ता बदलला, परवाना संपत आला, मूल जन्मलं, की आपल्या पालिकेत जायचं. खिडकीमागची बाई इंग्रजी उत्तम बोलते. आवाज जरा खाली आणून, कोणता कागद राहिलाय आणि तो कुठून मिळेल, हे ती मला इंग्रजीत नीट समजावते. मग स्क्रीनकडे वळून विचारते, "फ्रेंच की डच?" मी फ्रेंच म्हणतो आणि प्रिंटरमधून फ्रेंच पत्र बाहेर येतं. त्यावर तिचा शिक्का, माझी सही. मधली पाच मिनिटं ती इंग्रजीत जे काही बोलली, ते सरकारदरबारी कोणी बोललेलंच नाही.

बेल्जियमच्या अधिकृत भाषा 3: डच, फ्रेंच आणि जर्मन. त्यातल्या पहिल्या दोन ब्रसेल्समध्ये चालतात. कोणत्या खिडकीवर कोणती भाषा, हे 1960 च्या दशकातल्या भाषाविषयक कायद्यांनी ठरवलंय आणि ते कायदे केंद्राचे, शहराला एकट्याने बदलता येत नाहीत. त्याच दशकात देशाच्या नकाशावर भाषेची रेघ ओढली गेली. उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच. सीमाप्रश्न ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डच भागातल्या ल्यूव्हेन गावचं शेकडो वर्षांचं विद्यापीठ 1968 च्या भाषिक आंदोलनानंतर दुभंगलं आणि फ्रेंच विभागाला रेघेपलीकडे नवं गाव वसवून द्यावं लागलं. ग्रंथालयातली पुस्तकं सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली. एकाच ग्रंथमालेचे खंड दोन गावांत गेले असणार!

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर रेल्वेने प्रवास करून बघा. गाडीने रेघ ओलांडली की घोषणांची भाषा बदलते. ब्रसेल्समध्ये दोन्ही, पुढे एकच. 2024 च्या अखेरीस एक प्रकरण गाजलं. एका तिकीट तपासनिसाने डच भागातून जाणाऱ्या गाडीत डचसोबत "बोंजूर" असंही म्हटलं, म्हणून एका प्रवाशाने भाषा आयोगाकडे तक्रार केली. एका नमस्कारासाठी!

अशा देशात इंग्रजी ही खरं तर पळवाट आहे. ती कोणाचीच नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा राग नाही. डचभाषक आणि फ्रेंचभाषक सहकारी आपसांत इंग्रजीत बोलतात, हे मी रोज पाहतो. दोघांपैकी कोणालाच नमतं घ्यावं लागत नाही. पण उद्या तिला अधिकृत केलं, तर तीही भांडणातला तिसरा पक्ष होईल.

ब्रसेल्समध्येच मुख्य कार्यालयं असलेल्या युरोपीय संघाची गोष्ट याहून मजेशीर. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडला आणि इंग्रजी मात्र इथेच राहिली. ब्रिटन जाणार हे ठरल्यावर, 2017 मध्ये संघाचा कारभार बघणाऱ्या युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष युंकर यांनी इंग्रजीचं महत्त्व हळूहळू कमी होतंय असं म्हणून पुढचं भाषण फ्रेंचमध्ये केलं होतं. तसं काही झालेलं दिसत नाही. इंग्रज उठून गेल्यावर उरलेल्यांची तोडकीमोडकी इंग्रजी उलट जास्त मोकळी झाली, असं माझं मत.

तरीही संघाच्या अधिकृत भाषा 24 आहेत आणि त्या सगळ्या पोसल्या जातात. इथल्या युरोपीय संसदेत प्रेक्षकांच्या सज्जात बसता येतं. कानाला हेडफोन, हाताशी भाषेची बटणं, आणि वर भिंतीला लागून काचेच्या खोल्यांमध्ये जोडीजोडीने बसलेले दुभाषी. एस्टोनियन सदस्य बोलायला उठला, की काही खोल्या थेट ऐकतात. बाकीच्या आधी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये येण्याची वाट बघतात आणि तिथून आपल्या भाषेत नेतात. त्यामुळे त्याने विनोद केला की सभागृह एकदम हसत नाही. हशा सरकत सरकत जातो. एकाच भाषेत उरकलं असतं की, असं तिथे बसून कोणालाही वाटेल.

पण त्या काचेच्या खोल्या नेत्यांच्या हौसेखातर नाहीत. संघाचे नियम थेट सामान्य माणसावर लागू होतात. झेक प्रजासत्ताक 2004 मध्ये संघात आलं, तेव्हा वाइन आयात करणाऱ्या एका झेक कंपनीला सीमाशुल्काच्या नियमभंगाबद्दल दंड झाला. कंपनीचं म्हणणं, हा नियम संघाच्या राजपत्रात झेक भाषेत छापलेलाच नाही, मग तो आमच्यावर कसा लागू होईल? सरकारचं म्हणणं, आंतरराष्ट्रीय व्यापार करता, नियम तुम्हाला ठाऊक असणारच. प्रकरण संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात गेलं आणि 2007 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्या देशाच्या भाषेत रीतसर छापलेला नसेल, तर तो नियम नागरिकावर बजावता येत नाही, मग त्याने तो दुसरीकडे वाचलेला का असेना.

हा निकाल वाचल्यापासून मी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने बघतो. अधिकृत भाषा नागरिकाने शिकायची नसते, सरकारने वापरायची असते. बांधलं जातं ते सरकार. युरोपीय आयोगाला 24 पैकी कोणत्याही भाषेत पत्र लिहा, उत्तर त्याच भाषेत मिळण्याचा हक्क करारातच दिलेला आहे. इंग्रजी एकटीच अधिकृत झाली, तर पत्राचं भाषांतर करून घ्यायचा खर्च आयोगाकडून उचलून पत्र लिहिणाऱ्याच्या डोक्यावर जाईल. खर्च वाचतो म्हणतात तो असा.

जिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तिथे एक सामाईक भाषा हवीच. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना 2008 पासून इंग्रजीची ठरावीक पातळी सिद्ध करावी लागते. पण ती मुख्यतः रेडिओवरच्या मोजक्या, घासून पक्क्या केलेल्या वाक्यांची भाषा. आणि तिथेही जमिनीवरच्या नियंत्रकाची स्थानिक भाषा वापरायला बंदी नाही.

ब्रसेल्समध्ये इंग्रजीला तिसरी प्रशासकीय भाषा करा, अशी मागणी अधूनमधून होते. झाली तर सगळ्यात आधी माझी सोय होईल, हे उघड आहे. पण आमच्यासारख्यांची कागदपत्रं निम्मी कंपनीच करून देते, उरलेली त्या खिडकीवरच्या बाईच्या खालच्या आवाजातल्या इंग्रजीवर निभावतात. अडचण माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एरिट्रियन बाईची आहे. तिला येते ती तिग्रिन्या, फोनवर भाच्याला गाठून ती त्याच्याकरवी बोलते. तिला इंग्रजी फॉर्म दिला काय आणि डच दिला काय, सारखंच.