शोधनोंद: १०० कोटींच्या आत सर्वाधिक विभाजक कुणाचे? ७३,५१,३४,४००

१०० कोटींपर्यंतचा शोध पूर्ण झाला. ७३,५१,३४,४०० = २^६ × ३^३ × ५^२ × ७ × ११ × १३ × १७. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की ७ × ४ × ३ × २ × २ × २ × २ = १३४४ विभाजक. हिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके विभाजक नाहीत, म्हणून ही अतिसंयुक्त. या संख्यांचा सखोल अभ्यास रामानुजन यांनी १९१५ च्या निबंधात केला.

एकेक संख्या तपासत बसायचं नाही. लहान मूळ संख्येचा घातांक मोठीपेक्षा कमी असेल, तर घातांकांची अदलाबदल करावी: विभाजक तितकेच राहतात, संख्या लहान होते. त्यामुळे घातांक चढते कधीच घ्यायचे नाहीत. मूळ संख्याही २३ पर्यंतच पुरतात, कारण २ ते २९ चा गुणाकार ६४६ कोटींच्या पुढे जातो.

प्रोग्रॅम दोन ठिकाणी फसतो. ९३,११,७०,२४० (२^६ × ३^२ × ५ × ७ × ११ × १३ × १७ × १९) हिलाही १३४४ च विभाजक आहेत. बरोबरी झाल्यावर लहान संख्या ठेवण्याची अट हवीच, नाहीतर आधी कोणती शाखा धुंडाळली त्यावर उत्तर बदलतं. दुसरं, ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ७३,५१,३४,४०० × ३ मावत नाही. गुणाकार करून मर्यादेशी तुलना करू नका. आधी मर्यादेला मूळ संख्येने भागा आणि मग तुलना करा.

१७ च्या जागी १९ किंवा २३ ठेवून मिळणाऱ्या ८२,१६,२०,८०० आणि ९९,४५,९३,६०० यांनाही १३४४ विभाजक आहेत. त्यांत १७ चा घातांक ० आणि पुढच्या मूळ संख्येचा १, म्हणजे चढता, म्हणून त्या या शोधात दिसत नाहीत, पण त्यामुळे 'फक्त हिलाच १३४४' असं कुठे लिहू नये.

बाकी वर्गीकरण पटकन. विभाजकांची बेरीज ३,८०,९७,५६,१६०, म्हणजे संख्येच्या सुमारे ५.१८ पट. दुपटीहून जास्त, तेव्हा विपुल. अंकांची बेरीज २७ आणि २७ ने भाग जातो, म्हणून कापरेकरांच्या हर्षद संख्यांतही बसते. १ ते १८ सगळ्यांनी भाग जातो, १९ ने नाही.

आणि हा १९ च सगळ्यात रंजक. श्रेष्ठ अतिसंयुक्त ठरायला असा एक धन ε लागतो की विभाजकसंख्या ÷ n^ε ची किंमत त्याच n ला सर्वाधिक यावी. २ चा घातांक ५ वरून ६ करणं परवडायला ε जास्तीत जास्त log(७/६)/log २ ≈ ०.२२२४ हवा. १९ बाहेर ठेवायला मात्र तो किमान log २/log १९ ≈ ०.२३५४ हवा. दोन्ही अटी एकत्र जुळत नाहीत, त्यामुळे ही संख्या श्रेष्ठ नाही. हिची निम्मी ३६,७५,६७,२०० मात्र आहे: तिथे ε ०.२३५४ ते ०.२४४७ मध्ये कुठेही चालतो.

पुढची मर्यादा १,००० कोटी. तिथे २९ यादीत घ्यावा लागेल आणि सगळी चलं ६४ बिटांची करावी लागतील.