ती सोयाबीनची वडीच होती, तरी मेमो पोरीला

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. आता पोळा झाला, दसराही होऊन गेला, पण डोक्यातून काही जात नाही, म्हणून लिहून काढतोय. मी नागपुरात एका चेनच्या सँडविच शॉपमध्ये शिफ्ट सांभाळतो. दुकानाचं नाव आणि एरिया लिहीत नाही कारण नोकरी अजून तिथंच आहे.

लोकांना वाटतं सँडविचच्या दुकानात काय काम असते, ब्रेड कापा आणि भरा. ब्रेड आमच्याकडे रोज दुकानात भाजतात हे कितीतरी रेग्युलर गिऱ्हाईकांनाही माहीत नसतं. डो, म्हणजे ब्रेडचं मळलेलं पीठ, बर्फासारखा कडक होऊन गाडीतून येतो, रात्री तो साच्यात मांडून चिलरमध्ये ठेवायचा, सकाळी प्रूफरमध्ये गरम दमट हवेत फुगू द्यायचा आणि मग ओव्हन. कंपनीच्या चार्टमध्ये एकच टाइम लिहिलाय सगळ्या देशासाठी, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि किचनमध्ये ट्रे नुसता पाच मिनिटं बाहेर राहिला तरी डो सुटतो, ब्रेड बसका निघतो. तेव्हा चार्ट नाही, बोट चालते. बोटानं हलकं दाबलं आणि खड्डा हळूहळू भरून आला की ओव्हनमध्ये टाकायचा. हे मी प्रत्येक नवीन पोराला स्वतः शिकवतो.

पण आज सांगायचंय ते व्हेज-नॉनव्हेजचं. आमच्याकडे दोन लाइन आहेत. व्हेजचे सुरे वेगळे, कटिंग बोर्ड हिरवा, टोस्टर वेगळा, पॅन धुवायचं सिंकसुद्धा वेगळं. नॉनव्हेज लाइनवरचा पोरगा व्हेजकडे येणार असेल तर हात धुऊन, ग्लव्हज बदलून, एप्रन बदलूनच येतो. गरम माल साठ डिग्रीच्या वर, थंड माल पाचच्या खाली, दर दोन तासांनी थर्मामीटर खुपसून रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. हे सगळं आम्ही करतो आणि तरी गिऱ्हाईक समोर उभं राहून, आत्ताच त्याच्यासमोर ग्लव्हज बदललेले असताना, फोनवरून मान न काढता म्हणते, "भैया, ग्लव्हज चेंज करो." बदलतो. पुन्हा बदलतो. श्रद्धेचा विषय आहे, त्यात मला कधीच त्रास वाटला नाही. त्रास कशाचा वाटते ते पुढे सांगतो.

श्रावणात नॉनव्हेज लाइन जवळपास झोपते आणि सगळा लोड व्हेजवर येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बरोब्बर उलटं, त्या दिवशी चिकन संध्याकाळच्या आत संपते. हे नागपुरातल्या कोणत्याही हॉटेलवाल्याला विचारा. तर ह्या श्रावणातल्या लोकांसाठीच कंपनीनं एक आयटम आणला होता. सोयाचा टिक्का. व्हेज आहे, शंभर टक्के व्हेज, पॅकेटवर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका आहे. पण मेन्यूवर त्याचं नाव असं ठेवलंय की वाचून पहिले कोंबडीच आठवते. फोटोही तसाच, ग्रिलच्या काळ्या रेघा, उभे उभे धागे. नियमाप्रमाणे मोठ्या चेनला मेन्यूवर कॅलरी आणि अॅलर्जीचे पदार्थ लिहावे लागतात, त्यामुळे 'सोया' हा शब्द बोर्डावर आहे, पण कुठे, तर सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. मी पहिल्याच आठवड्यात वर मेल केला होता की इथं गिऱ्हाईक गोंधळून राहिले, नावात सोया टाका. उत्तर आलं की फीडबॅक नोट केला आहे.

शनिवारची संध्याकाळ, बाहेर पाऊस. व्हेज लाइनवर आमची पोरगी होती, हिंगण्याकडून येते, सकाळी कॉलेज करते आणि दुपारपासून शिफ्ट. माझ्याकडे आतापर्यंत जेवढे पोट्टे-पोट्ट्या आले त्यात इतकं नीट काम करणारी मी पाहिली नाही. ऑर्डर दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवते, सुरा प्रत्येक सँडविचनंतर पुसते, डब्यावरची डेट वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. तिनं एका गिऱ्हाईकाला तीन सँडविच पार्सल दिले. त्या माणसाच्या कानाला पूर्ण वेळ फोन होता. ती विचारून राहिली कोणतं, तो बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "वो वाला, व्हेज है ना?" ती म्हणाली हो, व्हेज आहे. बस, एवढाच संवाद.

थोड्या वेळानं तोच माणूस भिजत आत आला, हातात पार्सलची पिशवी, आणि दारातूनच ओरडला, "मेरी माँ को चिकन खिला दिया!" दुकान भरलेलं होतं. दोन मिनिटांत चार मोबाइल वर झाले. आपल्या लोकांची ही सवय मला फार खुपते, काय झालं हे विचारायच्या आधी रेकॉर्डिंग चालू. त्याचाही फोन वर होता आणि तो सरळ त्या पोरीच्या तोंडासमोर. ती इतकी घाबरली की बोलताच येईना. नॉनव्हेज लाइनचा पोरगा, ज्याला मी कामचोर म्हणून कितीदा बोललोय, तो मधे येऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, दादा, मुलीचा व्हिडिओ नका काढू, माझा काढा. त्या एका गोष्टीसाठी त्याचे पुढचे शंभर लेट मार्क मला माफ आहेत.

मी त्या गिऱ्हाईकाला आत बसवलं. मराठीत बोललो तसे तेही मराठीवर आले. आई बाहेर कारमध्ये बसली आहे म्हणाले, माळकरी आहे, जन्मात कधी मांस तोंडाला लावलं नाही, दोन घास खाल्ले आणि तिला ओकारी झाली. माझ्या पोटात गोळा आला. कारण असं जर खरंच झालं असेल तर रिफंड-बिफंडनं ते भरून निघत नाही, ही गोष्ट मला कोणी शिकवायची गरज नाही, माझी आजीही माळकरी होती, पंढरीची वारी करायची.

पहिले मी बिल पाहिलं, आयटम बरोबर. मग कॅमेऱ्याचं फुटेज लावलं. त्यात स्पष्ट दिसते की तिचा हात व्हेजच्या पॅनमध्येच जातो, चिमटा हिरव्या मुठीचा, नॉनव्हेजची लाइन तर तिच्यापासून पूर्ण काउंटरभर लांब. मग फ्रीझरमधून बंद पॅकेट आणून हिरवा ठिपका आणि त्याखालचं 'टेक्स्चराइज्ड सोया प्रोटीन' दाखवलं. ते म्हणाले, पॅकेटवर काहीही लिहितात हो, मी खाल्लंय ना, धागे निघून राहिले त्याचे.

धाग्यांवरच सगळं अडलं होतं. मग मी त्यांच्याच सँडविचमधला एक तुकडा स्वच्छ प्लेटमध्ये घेतला, वरचा मसाला कोमट पाण्यानं धुतला आणि त्यांच्यासमोर हातानं फाडला. कोंबडीच्या छातीचा तुकडा फाडला तर धागा लांब निघतो, एका दिशेनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सोयाचा धागा तसा जात नाही. तो थोडा जाऊन तुटतो, पापुद्रे सुटतात, आणि मधे बारीक बारीक पोकळ्या दिसतात. कारण तो धागा नसतोच मुळात. तेल काढून उरलेलं सोयाबीनचं पीठ मशीनमध्ये उष्णता आणि दाब देऊन अरुंद तोंडातून बाहेर ढकलतात, बाहेर येताना आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुगते आणि त्याला ती मांसासारखी ठेवण येते. मग तो तुकडा बोटांत दाबला, पाणी निथळलं, सोडला तर पुन्हा फुगला. परत पाण्यात टाकला, परत पाणी प्यायला. शिजलेलं मांस असं करत नाही. शेजारच्या प्लेटमध्ये कोंबडीचा तुकडा आणून दोन्ही दाखवले असते तर विषय एका मिनिटात मिटला असता, पण माळकरी बाईच्या घरचा माणूस बसलाय, तिथं ते आणणं मला बरोबर वाटलं नाही.

तेवढ्यात त्यांची आई स्वतःच आत आली. पदर डोक्यावर, गळ्यात तुळशीची माळ, चेहरा उतरलेला. मी उठून खुर्ची दिली. म्हटलं, आजी, तुम्हीच पाहा. त्यांनी तो धुतलेला तुकडा बोटांत घेतला, अंगठ्यानं कुस्करला, नाकाजवळ नेला. मग पोराकडे पाहून म्हणाल्या, "अरे, हे तं सोयाबीनची वडी होय. आपल्या घरी नाही का करत रस्स्यात."

विदर्भातल्या बाईला सोयाबीन ओळखायला कोणता कागद लागते. घरात सोयाबीन पिकलेलं असते, वडी दर आठवड्याला शिजते. मला वाटलं चला, सुटलो. मी म्हटलं, हो आजी, वडीच आहे, तुमचं काहीच बाटलं नाही.

तर त्या म्हणाल्या, "ते समजलं बाबू. पण खातानी मले मासच वाटलं ना. माहीत नव्हतं तं मनानं तेच खाल्लं. वडी होती तं वडी म्हणून काहून नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्या चिडल्या नव्हत्या, सरळ विचारून राहिल्या होत्या. पुंडलिकाचं नाव घेतलं, पाणी मागितलं, आणि जाताना त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, रडू नको माय. मुलगा मात्र तिच्याशी एक शब्द न बोलता निघाला. शिकलेला माणूस, चांगली गाडी, पाहिलं, समजलं, तरी "चुकलं माझं" एवढं त्याच्या तोंडातून निघालं नाही. आणि आम्ही पॅकेट दाखवत होतो तेव्हाच त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या कंपनीला मेल आणि एक स्टार टाकून दिला होता, तो त्यानं नंतर काढलाही नाही.

दुसऱ्या दिवशी वरून रिफंड गेला, सोबत कूपन गेलं, आणि एक माफीनामा, की आमच्या स्टाफकडून झालेल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कोणती चूक? कोणत्या स्टाफची? मला एक फोन नाही, फुटेज मागितलं नाही. मी स्वतःहून क्लिप पाठवली, तुकड्याचे फोटो पाठवले, पॅकेटचा बॅच नंबर पाठवला. एरियावाल्या साहेबांचं उत्तर, "अरे, गिऱ्हाईक शांत झालं ना, रिफंड झाला, विषय संपला, कशाला ताणतो." त्यांचा एरियाचा स्कोअर सुधारला असेल. पण त्या माफीनाम्याला काहीतरी कारवाई जोडावी लागते, सिस्टिममध्ये तो रकाना भरल्याशिवाय तक्रार बंदच होत नाही. म्हणून त्या पोरीला मेमो. 'व्हेज-नॉनव्हेज हाताळणीत निष्काळजीपणा.' आणि व्हेज लाइनवरून काढून महिनाभर क्लोजिंगला, भांडी आणि फरशी.

मला सर्वांत जास्त हे झोंबते. जिनं सगळं बरोबर केलं तिच्या फाइलला हा कागद लागला, आणि ज्यांनी वडीला कोंबडीचं सोंग देऊन बोर्डावर चढवलं त्यांना साधा प्रश्नही नाही. तिच्या वडिलांनी तर तिला घरी बसवायची तयारी केली होती, कारण तो व्हिडिओ त्यांच्या वस्तीतल्या कोणाच्या तरी ग्रुपवर फिरला. मी घरी जाऊन त्यांना फुटेज दाखवून आलो तेव्हा ती परत कामावर आली. माफी मागणं वाईट नाही, खरंच चुकलं असतं तर मी त्या आजींच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण न केलेली चूक कंपनीनं तिच्या नावावर कबूल करून टाकली, आणि तीही तिला न विचारता.

आणि गंमत नाही सांगत, ज्या कारणानं आजींना त्रास झाला त्या कारणावर त्या माफीनाम्यात एक अक्षर नाही. ज्यानं श्रावणापुरतं मटण-चिकन सोडलंय त्याला ती चव पाहिजे असेल, त्याच्यासाठी तो आयटम ठीक आहे, विकावा. पण जन्मभर न खाणाऱ्याला तीच चव किळसवाणी वाटणार, हे ज्यांनी मेन्यू बनवला त्यांना समजत नाही असं थोडीच आहे. हिरवा ठिपका आत काय आहे ते सांगतो, जिभेला काय लागेल ते नाही सांगत.

तेव्हापासून आमच्या काउंटरवर तो आयटम कोणी मागितला की आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो, "हे सोयाबीनच्या वडीचं आहे, चव चिकनसारखी लागते, चालेल ना?" गिऱ्हाईक फोनवर असला तर फोन ठेवेपर्यंत थांबतो. काही जण पनीर घेतात, काही म्हणतात तेच तर पाहिजे. मागच्या ऑडिटला याच्यावर मार्क कापले, हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नाही म्हणून. कापू दे. ती पोरगी आता परत व्हेज लाइनवर आहे, मीच शिफ्ट चार्टमध्ये टाकली.

मेमो मात्र अजून तिच्या फाइलमध्ये आहे. दुकानातलं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जाते, म्हणून ती क्लिप मी त्याच रात्री पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती, आणि दर महिन्याच्या रिपोर्टला ती परत जोडून पाठवतो, वर एकच ओळ लिहून, की मेमो मागे घ्या आणि तसं तिला लेखी द्या.