सहा पिनचा पांढरा कनेक्टर आणि कराडची पोरं

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीच्या आसपास माझं रिपेअरिंगचं छोटंसं काउंटर आहे, पार्ट्सही थोडेफार ठेवतो. मोबाईलवर फोटो दाखवून "काका, असा एक पांढरा कनेक्टर पाहिजे" म्हणणारं गिऱ्हाईक रोजचंच. फोटोत अख्खा कनेक्टर नखाएवढा दिसत असतो आणि बाजूला मोजायला काहीच नसतं. अशा फोटोवरून कोणी छातीठोकपणे नाव सांगत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय असं खुशाल समजा.

त्या दिवशी मात्र आली ती कराडची दोन पोरं, एक मुलगा एक मुलगी, डिप्लोमाची, आणि फोटोऐवजी ड्रोनचा अख्खा पसारा पिशवीत घालून एसटीने आलेली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात डेमो, बोर्ड पिक्सहॉक, म्हणजे ड्रोन उडवणारा कंट्रोलर, जुना, कोणीतरी सीनिअर ठेवून गेलेला, आणि जीपीएसच्या केबलचा प्लग काढताना वायरी धरून ओढलेल्या त्यामुळे हाउसिंग, म्हणजे प्लगचं प्लास्टिकचं कवच, फाटलेलं आणि दोन वायरी टोकाच्या धातूच्या कॉन्टॅक्टसकट लोंबत होत्या. सोबत ऑनलाइन मागवलेलं एक पाकीट, त्यावर "जेएसटी १.२५, ६ पिन", आयत्या क्रिंप केलेल्या (टोकाला कॉन्टॅक्ट दाबून बसवलेल्या) वायरींचं. ते बसतच नव्हतं.

मुलगी म्हणाली, "काका, आम्ही पिच मोजलं होतं, बरोबर १.२५ आहे. तरी बसेना."

पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर, ते मोजलं होतं हे ऐकूनच बरं वाटलं, कारण बहुतेक लोक मोजतच नाहीत. मी पण व्हर्निअर लावला, पहिल्या पिनच्या डाव्या कडेपासून सहाव्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत, सव्वासहा मिलिमीटर, मध्ये गाळे पाच, म्हणजे १.२५ च. (दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर मोजू नका, एवढ्याशा अंतरात हात हलला तरी आकडा बदलतो, पहिल्या पिनच्या कडेपासून शेवटच्या पिनच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा.) पोरांचं माप बरोबर होतं, पण १.२५ मध्ये निदान तीन खानदानं बाजारात सारखी भेटतात. मोलेक्सचा पिकोब्लेड, हिरोसेचा डीएफ१३ आणि जेएसटीचा जीएच. पिच तेच, पण एकाचा प्लग दुसऱ्यात जात नाही. म्हणजे बसेल असं वाटतं, अर्धवट शिरतो पण, आणि मग जोर लावला की बोर्डावरची पिन वाकते नाहीतर सॉकेट पॅडसकट उखडतं.

आणि ऑनलाइन "जेएसटी १.२५" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा पिकोब्लेडची नक्कल असते, जेएसटीचा त्याच्याशी काही संबंध नाही. जेएसटी ही ओसाकाची कंपनी, जपान सोल्डरलेस टर्मिनल, तिच्या सिरीज ढीगभर आहेत. एसएच १ मिमी, झेडएच १.५, पीएच २, एक्सएच २.५. त्यामुळे नुसतं "जेएसटी द्या" म्हणणं म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "पांढरी गोळी द्या" म्हणण्यासारखं. आपल्याकडे रेलीमेट म्हणून जो २.५४ चा मिळतो त्यात आणि एक्सएचमध्येही लोक गोंधळतात, दोन-तीन पिनला फरक कळत नाही, १० पिनला मात्र ०.३६ मिमीचा फरक पडतो.

तर पोरांचं पाकीट पिकोब्लेडवालं निघालं. जीएच असता तर वर लॅचची पट्टी दिसली असती, दाबून सोडवायची. नवीन पिक्सहॉकवर जीएचच येतात, जुन्यावर डीएफ१३, पोरांच्या बोर्डावरही तोच, आणि डीएफ१३ ला लॅच नसतो पण पकड अशी घट्ट की काढताना माणूस वैतागून वायर ओढतो आणि वायर हातात येते. ड्रोनवाल्यांनी या कनेक्टरला पोटभर शिव्या घातल्यात. तो बारीक स्क्रूड्रायव्हरने हाउसिंगच्या कडेला हळूहळू उचकायचा असतो. पोरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांना काय बोलणार.

आता आणायचा कुठून? गल्लीत रेलीमेट मिळेल, बर्ग स्ट्रिप मिळेल, एफआरसी मिळेल, एक्सएच-पीएच पण आता मिळतात, डीएफ१३ साठी ओळखीच्या दोन दुकानांत फोन केला तर एकाने "ते काय असतं" विचारलं आणि दुसऱ्याने तेच पिकोब्लेडचं पाकीट पाठवतो म्हणून सांगितलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला माणूस पाठवण्यात अर्थ नव्हता, तिथेही शोधण्यातच दिवस गेला असता. मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडे पार्ट नंबर टाकून ओरिजिनल मिळतं पण उद्याच्या डेमोला त्याचा काय उपयोग. शिवाय हाउसिंग मिळालं तरी कॉन्टॅक्ट वेगळे घ्यायचे, आणि इतक्या बारीक पिचचं क्रिंपिंग स्वस्तातल्या पकडीने नीट होत नाही, दिसायला ठीक दिसतं आणि ड्रोनच्या व्हायब्रेशनला सुटतं. हौशी कामाला आयत्या क्रिंपच्या वायरीच घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

मी विचारलं, "बोर्डाबरोबरचा डबा आहे का रे?"

मुलगा म्हणाला, "आहे ना, पण त्यात नुसत्या फालतू केबली आहेत."

त्या फालतू केबलींतच एक सहा पिनची टेलिमेट्रीची (ड्रोनची माहिती जमिनीवर पाठवणाऱ्या रेडिओची) पडली होती, प्लास्टिकमधूनही न काढलेली, दोन्ही टोकांना डीएफ१३! मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना.

मग काम सोपं पण घाई न करता करायचं. केबलमध्ये पहिली वायर लाल आणि बाकी सगळ्या काळ्या, त्यामुळे रंगावर जाऊन उपयोग नाही, लालवरसुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. केबल मधोमध कापली, प्लग बोर्डाच्या जीपीएस पोर्टात बसवला, कापलेली टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून पसरून टेपने चिकटवली आणि लॅपटॉपवरून यूएसबीने पॉवर देऊन मल्टिमीटर लावला. या पोर्टला १ नंबरला ५ व्होल्ट, २ ला टीएक्स (डेटा पाठवणारी), ३ ला आरएक्स (डेटा घेणारी), ४ आणि ५ कॅन नावाच्या वेगळ्या डेटा लाइनच्या ज्यांचं जीपीएसला काही काम नाही, आणि ६ ग्राउंड. पाच व्होल्ट आणि ग्राउंड सापडले की मधल्या मोजून घेता येतात. पॉवर काढली. जीपीएस मॉड्यूलचं झाकण उघडून छापलेली नावं वाचली, मॉड्यूलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला, उलटाचा उलटा, सोल्डर मुलीकडूनच करून घेतली, हात चांगला होता तिचा. वर हीट श्रिंकची नळी. त्याच मॉड्यूलमधल्या कंपासचा चार पिनचा प्लग शाबूत होता म्हणून वाचलो.

काउंटरवर जीपीएसला आकाश कुठून दिसणार, म्हणून सगळं लटांबर घेऊन वरच्या गच्चीत गेलो. बोर्डावरचा दिवा पिवळा लुकलुकायला लागला तसा मुलगा घाबरला, पण रिमोटचा रिसीव्हर जोडलेला नव्हता त्यामुळे तो पिवळाच राहणार, त्याच्याकडे बघायचं नाही, लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरमध्ये सॅटेलाइटचा आकडा बघायचा. बराच वेळ शून्य. मग एकदम चढायला लागला आणि थ्रीडी फिक्स, म्हणजे उंचीसकट जागेचा पत्ता, आला. मी केबल हातात धरून जरा हलवून पाहिली, फिक्स गेला नाही. मग जोडाजवळ वायरींना फ्रेमवर झिप टाय मारायला लावला म्हणजे ओढ प्लगवर येणार नाही.

पैसे किती विचारलं तर मी त्यांचं ते न बसणारं पाकीटच ठेवून घेतलं. कारण एकाचा एफपीव्ही (ड्रोनवरून थेट चित्र दाखवणारा) कॅमेरा माझ्याकडे पडून होता, त्याला पिकोब्लेडच लागतो, तीन पिनचा. त्याच्या वायरींसाठी मीच अडलो होतो. सहाचं हाउसिंग तिथे चालत नाही पण आयत्या क्रिंपच्या वायरी त्यातून सुईने सोडवून कॅमेऱ्याच्या जुन्या हाउसिंगमध्ये बसल्या, संध्याकाळी तोही चालू करून ठेवला.