लिहायला की चित्राला?

"भाऊ, लिहायला पाहिजे का चित्र काढायला?"

नागपुरात बर्डीच्या दुकानात आयपॅडसाठी स्वस्तातला पेन मागितला, तर काउंटरवरच्या पोराने आधी हे विचारलं. किंमत नंतर.

मग त्याने स्क्रीनवर दोन रेघा ओढल्या. एक हलक्या हाताने, एक चांगली दाबून. दोन्ही सारख्याच जाड! "याला दाब कळत नाही. तिरपा धरला तर शेडिंग येते, तळहात टेकला तरी चालते. बस."

धंदा करायला बसलेला माणूस आधी उणीव दाखवतो, हे काही रोज होत नाही बाप्पा.

गंमत म्हणजे ॲपलची स्वतःची २०२३ची यूएसबी-सी पेन्सिलही दाब ओळखत नाही. भारतात आली तेव्हा किंमत ७,९०० रुपये!

ऑनलाइन एकाच पेनाखाली कुणाचे पाच तारे, कुणाचा एक. पाचवाला नोट्स काढत असेल, एकवाला चित्रकार असेल. पण ते कोणी लिहीतच नाही.

मला फक्त पीडीएफवर खुणा करायच्या असतात, म्हणून घेतला. (सॅमसंगच्या टॅबवाल्यांनो, हा तुमच्या कामाचा नाही. तुमच्या एस पेनचं तंत्रच वेगळं, त्याला लिहायला चार्जिंगही लागत नाही.)

असा पेन कोणी रोज वापरतं का? टोक किती टिकतं?