तीस वेळा दोरी ओढली, मशीन ढिम्म

नारळी पौर्णिमा झाली की मालवणजवळच्या देवबागात होड्या पाण्यात उतरायला लागतात. आमची छोटी फायबरची होडी पावसाळाभर माडांखाली ताडपत्री पांघरून होती आणि मशीन पडवीत, घोडीवर टांगलेलं. मशीन म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन. आउटबोर्ड वगैरे आमच्याकडे कोणी म्हणत नाही, मशीनच. ९.९ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक (म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं), हाताने दोरी ओढून चालू करायचं.

खाडीत होडी लोटली, मशीन चढवलं, चोक ओढला आणि दोरी खेचायला लागलो. दहा वेळा, वीस वेळा. तिसाव्या खेचेला तळहाताला फोड आला. मशीन साधं खोकलंसुद्धा नाही.

आधी मूर्खासारख्या चुका तपासल्या, कारण त्या मी पूर्वी केलेल्या आहेत. लाल दोरीची किल-स्विचची क्लिप, जी निघाली की मशीन बंद, ती जागेवर होती. गिअर न्यूट्रलला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. पेट्रोल पुढे ढकलणारा पाईपमधला रबरी फुगाही दाबून पाहिला, बाणाची दिशा मशीनकडे ठेवून, उभा धरून. चार-पाच दाबांत कडक झाला. म्हणजे पेट्रोल पोचतंय, असं मी समजलो. इथेच फसलो.

प्लग काढला तर ओला. म्हटलं, चोक जास्त झाला, इंजिन बुडलं. प्लग पुसला, चोक आत ढकलला, पाईप सोडवला आणि प्लगच्या भोकातून आतलं बाहेर पडावं म्हणून दहा वेळा नुसतीच दोरी ओढली. परत जोडणी केली. परत तेच. मग ठिणगीवर संशय. काळोख पडल्यावर, पेट्रोलपासून लांब, प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवली आणि भावाला दोरी ओढायला सांगितली. ठिणगी निळी, स्वच्छ. तरी दुसऱ्या दिवशी मालवणहून नवा प्लग आणलाच. एनजीकेचा बी७एचएस-१०. शेवटचा १० म्हणजे १ मिलिमीटरची फट, हे दुकानदाराने सांगितलं तेव्हा कळलं. पैसे गेले, ज्ञान राहिलं.

संध्याकाळी शेजारचे काका आले. आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, आणि मशिनींत गेलेला माणूस. त्यांनी मला काही विचारलं नाही. प्लग काढला, त्याच्या टोकावरचा ओलावा बोटावर घेतला आणि बोट तसंच धरून उभे राहिले.

"पेट्रोल असतां तर एव्हाना उडान गेला असतां," म्हणाले. थेंब बोटावर तसाच होता. "टाकी कधी भरलंस?"

"मे महिन्यात. अर्धी शिल्लक होती."

"मगे?"

त्या एका शब्दात माझी अक्कल निघाली.

आईची काचेची बरणी घेतली, म्हणजे न विचारता घेतली, आणि टाकीच्या तळातलं पेट्रोल तिच्यात काढलं. पंधरा मिनिटांत दोन थर झाले. वर ऑइलच्या रंगाचं निळसर, खाली जवळजवळ पाण्यासारखं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी म्हणजे ओल्या हवेची कोठीच. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्याबरोबर पेट्रोल सोडून तळाला बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. वर ऑइल पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या थरात जात नाही. म्हणजे हे मशीन चुकून चालू झालं असतं तर पिस्टन कोरडाच घासला असता. हे लक्षात आल्यावर फोडाचं दुःख कमी झालं.

कार्ब्युरेटर उतरवला. खालची वाटी उघडली तर तळाला पांढरट भुकटी आणि पितळी जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीवर, हिरवट गंज. बारक्या जेटच्या भोकातून उजेडच दिसेना. मी तार शोधायला उठलो तर काका ओरडले, "मेल्या, तार घालू नको, भोक वाढतला!" मग गरीचा बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) घातला आणि कार्ब क्लीनरचा फवारा मारला. तिसऱ्या खेपेला भोकापलीकडे उजेडाचा ठिपका दिसला. एवढा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

नवं पेट्रोल आणलं. ५ लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५० ला १. नजरेने नाही, मापाने. चौथ्या खेचेला भर्र! निळा धूर, मागून पाण्याची धार, भाऊ टाळ्या वाजवतोय. दोन मिनिटांनी बंद.

फुगा दाबला की चाले, सोडला की गुदमरे. म्हणजे कुठून तरी हवा घेत होतं. फुगा जोरात दाबून पाईप न्याहाळला तेव्हा मशीनकडच्या जोडाभोवती ओलं कडं दिसलं. आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चपटी होऊन तडकली होती. चहाच्या पैशात नवी मिळाली. इतके दिवस मी प्लगकडे बघत बसलो होतो.

मग भरती बघून कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत फेरी मारली. ओहोटीत जायची हिंमत नव्हती. कर्लीच्या तोंडाशी मशीन थांबलं तर पलीकडचं भोगवं गाव राहतं बाजूला आणि आपण जातो दर्यात.

यंदा मेअखेरीस टाकी रिकामी केली, आणि पाईप सोडवून मशीन वाटीतलं पेट्रोल संपून आपोआप बंद होईपर्यंत चालवलं, पाण्याच्या पिंपात बुडवूनच, नाहीतर मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. बरणी आईने परत घेतली नाही. ती होडीच्या फळीखाली असते, आणि अधूनमधून काका येऊन तिच्यात डोकावून जातात.