मानुका आणि मनुका

ऑकलंडला राहणारा माझा धाकटा भाऊ डिसेंबरच्या सुटीत पुण्याला येतो, तेव्हा त्याच्या बॅगेत मानुका मधाची एक बरणी असतेच. पहिल्यांदा त्याने ती आणली तेव्हा आईने चष्मा लावून लेबल वाचले आणि विचारले, "मनुकांचा मध कसा रे काढतात?" आम्ही हसलो, पण मानुका हे न्यूझीलंडमधल्या एका झुडपाचे माओरी नाव आहे आणि आपल्या मनुकांशी त्याचे काही नाते नाही, हे मलाही त्याच दिवशी कळले होते. त्या संध्याकाळी भावाने ती बरणी आणि मी महाबळेश्वरहून आणलेली जांभूळ मधाची बाटली शेजारी शेजारी ठेवली आणि घरात देशी चांगले की परदेशी हा जुना वाद नव्याने सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

मानुका मध चमच्यातून ओघळत नाही. तो एखाद्या घट्ट मलमासारखा चमच्याला धरून बसतो, वासाला किंचित औषधी लागतो आणि गोडीच्या मागे कडवटपणाची एक छटा ठेवून जातो. जांभळाचा मध गडद, लालसर, सरळ धारेने पडणारा. जिभेवर आधी गोड आणि घशाशी पोहोचता पोहोचता तुरट. आईचा कौल अर्थातच जांभळाला गेला, पण तो चवीपेक्षा मुलाने कशाला एवढे पैसे घालवावेत या चिंतेतून आला असावा, कारण त्या एका लहान बरणीच्या किमतीत आमच्याकडे जांभूळ मधाच्या चार-पाच बाटल्या सहज आल्या असत्या.

ही किंमत निव्वळ परदेशाच्या मोहाची आहे असे मी पूर्वी मानत असे, ते चूक होते. मानुकाच्या फुलातील मकरंदात असलेल्या एका घटकापासून मध मुरताना मिथाइलग्लायॉक्सल नावाचे द्रव्य तयार होते आणि ते जिवाणूंना मारते; या मधाच्या जिवाणुरोधक गुणाचे मोठे श्रेय त्याला जाते, हे २००८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी दाखवून दिले. बरणीवर यूएमएफ (मानुका मधाची प्रत दाखवणारी खूण) १०+ किंवा १५+ असे जे आकडे असतात, ते मुख्यतः या द्रव्याच्या प्रमाणावर ठरतात. १०+ म्हणजे किलोमागे किमान २६३ मिलिग्रॅम. शिवाय कोणत्या मधाला मानुका म्हणायचे याची व्याख्या न्यूझीलंड सरकारने २०१८ पासून निर्यातीसाठी बंधनकारक केली असून, त्यात चार रासायनिक खुणा आणि परागकणांच्या डीएनएची एक खूण तपासली जाते. मात्र जखमेवर वापरायचा वैद्यकीय मध वेगळा, निर्जंतुक केलेला असतो. न्याहारीच्या पोळीला लावलेल्या मानुकातून तोच लाभ होईल असे समजून पैसे मोजणे मला पटत नाही.

पण परदेशी मध म्हणजे काही नुसता मानुका नव्हे. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत बाहेरून आलेल्या मधाच्या ३२० नमुन्यांपैकी १४७ भेसळीबाबत संशयास्पद निघाले होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. तेव्हा 'इम्पोर्टेड' हा शब्द छापला की शुद्धतेची हमी मिळाली, हा समज टिकत नाही. आपल्याकडचे चित्रही काही वेगळे नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील १३ ब्रँड तपासले, त्यांपैकी सर्व चाचण्यांत फक्त ३ उतरले. कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. पण त्या निमित्ताने एवढे कळले की नेहमीच्या चाचण्यांना चकवतील अशी साखरेचे पाक मुद्दाम बनवले जातात. जिथे प्रयोगशाळा चकते, तिथे पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवून पाहणे, मुंग्या लागतात का ते बघणे, या घरगुती परीक्षांवर विसंबण्यात काय अर्थ आहे? मध रवाळ झाला म्हणजे त्यात साखर आहे, ही समजूतही अशीच सोडून द्यावी. ग्लुकोज अधिक असलेला मध, उदाहरणार्थ मोहरीचा, आपोआप गोठतो.

मग स्थानिक मधाची बाजू कशावर उभी राहते? माझ्या मते ती फुलांवर उभी राहते. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी ही आपली देशी मधमाशी पेटीत पाळली जाते आणि जांभूळ, हिरडा, गेळा, आखरा, पिसा अशा जंगली झाडांचा मध ती ऋतूप्रमाणे गोळा करते. सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते, तेव्हा कारवीचा गडद, दाट मध मिळतो आणि मग पुन्हा तितकीच वर्षे वाट पाहावी लागते. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाकाठी जेमतेम पाच-दहा किलो मध निघतो. मेलीफेरा या युरोपीय माशीच्या पेट्या मोहरीच्या शेतांतून फिरवल्या तर त्याच्या कितीतरी पट मिळतो, आणि दुकानात एकसारख्या रंगाचा, एकसारख्या चवीचा जो मध दिसतो तो बहुतांशी अशा अनेक ठिकाणच्या मधाचे मिश्रण असतो. तो वाईट असतो असे नाही. त्याला गाव नसते, एवढेच.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. नंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावचे नाव त्यात आले. अशा गावांमध्ये घराच्या मागे, सावलीत, दगडांवर किंवा चार पायांच्या स्टँडवर ठेवलेल्या पेट्या दिसतात. मी एकदा एका मधपाळाला विचारले की यंदा जांभळाचा मध कमी का, तेव्हा ते म्हणाले, "मोहोर आला आणि पाऊस आला, माशी बाहेर पडलीच नाही." बाटलीतील मध कमी का आहे याचे असे सरळ उत्तर देणारा माणूस समोर असणे, याला मी पैसे मोजतो.

याचा अर्थ 'स्थानिक' म्हटले की डोळे मिटून घ्यावे असा नव्हे. महाबळेश्वरात विकला जाणारा सगळा मध महाबळेश्वरचाच असतो असे मानण्याचे कारण नाही. एकदा घाटात बादलीतून पोळे दाखवत विकणाऱ्या एका माणसाकडून मी 'आग्या मोहोळाचा ताजा मध' घेतला. घरी येऊन चाखला तर पोळ्याचा तुकडा खरा होता आणि तो ज्यात तरंगत होता ती बहुधा काकवी होती. आता मी बाटलीवर फूल, गाव, काढणीचा महिना आणि अन्न परवाना क्रमांक शोधतो, आणि सापडले नाही तर विचारतो. खेदाची गोष्ट अशी की मानुकावाल्यांनी जसे आपले फूल चाचणीने सिद्ध करून दाखवले, तसे जांभळाच्या किंवा हिरड्याच्या मधाबाबत सामान्य ग्राहकाच्या हाती अजून काही नाही. इथे भाऊ वादात जिंकतो.

काही दावे मात्र दोन्हीकडचे सारखेच पोकळ आहेत. स्थानिक मधातील परागकणांमुळे ऍलर्जी जाते असे सांगतात. पण शिंका आणणारे परागकण बहुधा गवतांचे आणि वाऱ्यावर उडणारे असतात, माशी ज्या फुलांवर बसते त्यांचे नव्हेत. आणि मध देशी असो वा परदेशी, एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आमच्या घरी बारशाच्या वेळी यावरून मोठी रुसवाफुगवी झाली होती.

भावाला जांभळाचा मध आवडू लागला आहे. त्याने एकदा परत जाताना बाटली नेऊन पाहिली, पण मधमाश्यांचे रोग आत येऊ नयेत म्हणून न्यूझीलंड प्रवाशांना मध आणू देत नाही आणि ती त्याला विमानतळावरच सोडून द्यावी लागली. तेव्हापासून तो येण्याच्या आदल्या दिवशी मी नवी बाटली आणून ठेवतो. तो निघतो त्या सकाळी ती रिकामी असते, आणि मानुकाची बरणी अर्धी.