चतुःसीमेतली कोरी जागा

फिलाडेल्फियात मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते. त्या दिवशी टेबलावर आला १७३७च्या एका जमीनखताचा हस्तलिखित उतारा. लोहयुक्त शाईने कागद खाल्लेला, ठळक अक्षरांपाशी चिरा. त्यांवर जपानी कागदाच्या पट्ट्या लावायच्या, एवढंच काम होतं. पण पुण्यात मोडी शिकताना लागलेली सवय सुटत नाही: खत हाती आलं की आधी चतुःसीमा वाचायची.

डेलावेअर नदीकाठचं झाड, नेशामिनी ओढा, मग रानात आत ‘दीड दिवसात माणूस जाईल तितकं’. आणि तिथून नदीकडे परत यायची दिशा? तिथे कोरी जागा.

शाई उडाली असेल म्हणून अतिनील प्रकाशाखाली धरलं. पुसट झालेली ही शाई त्यात काळी उमटते. काही उमटलं नाही. आपल्याकडे मजकूर संपला की लेखनसीमेची मुद्रा उठवत, पुढे कुणी अक्षर घुसडू नये म्हणून. इथे तर ऐन मधेच दार उघडं.

पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापणाऱ्या विल्यम पेनच्या मुलांचं म्हणणं, हा व्यवहार १६८६ सालीच तिथल्या मूळ रहिवाशांशी, लेनापे लोकांशी, झाला होता. मूळ खत त्यांनी दाखवलं नाही, दाखवली ती नक्कल. २५ ऑगस्ट १७३७ला न्यूटिमस, लापाविन्सो आणि आणखी दोन लेनापे प्रमुखांनी निशाण्या केल्या. चालायचं म्हणजे माणूस चालतो तसं, वाटेत बसत, खात, असं त्यांनी धरलं होतं. पेन मंडळींनी आधीच रानातून वाट काढून ठेवली आणि तीन तरबेज चालणारे नेमले. १९ सप्टेंबरला पहाटे राइट्सटाउनहून ते जवळजवळ पळतच निघाले. दुसऱ्या दुपारी एकटा एडवर्ड मार्शल उरला, सुमारे ६५ मैलांवर. मग त्या कोऱ्या जागेचा उपयोग झाला. रेघ जवळच्या नदीकाठाला न नेता काटकोनात वळवली आणि लाखो एकर जमीन गेली. मला हे पळण्याहून भयंकर वाटतं. पळणारे निदान दिसत तरी होते.

१७५६ साली वसाहतीच्या सरकारशी ईस्टन गावी चाललेल्या बोलणीत लेनापे प्रमुख टीडयुस्कंगने पाय आपटून सांगितलं, ही पायाखालची जमीनच फसवून घेतलेली आहे. ईस्टन त्याच पट्ट्यात येतं.

निशाण्यांपाशी माझा हात बराच वेळ थांबला. संध्याकाळी चिरा सांधून झाल्या. नोंदवहीत हानीच्या रकान्याखाली वेगळी ओळ लिहिली: ‘दिशेची जागा मुळातच कोरी. शाई उडालेली नाही.’